परवाना मिळाला, शस्त्र आलं. आता पुढे काय?

(नांदेड येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. वक्ते पोलीस दलाच्या शस्त्रागारात अनेक वर्षं आर्मोरर म्हणून काम करून निवृत्त झाले आहेत. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय तसा थोड्या लोकांच्या कामाचा आहे. ज्यांच्याकडे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल बाळगायचा परवाना आहे, किंवा ज्यांचा अर्ज कलेक्टर कचेरीत पडून आहे, अशांसाठी. पण खरं सांगू का, त्यांच्या घरच्यांनी हे जास्त ऐकायला पाहिजे. म्हणून मी आयोजकांना सांगितलं होतं, जोडीनं बोलवा. काही जण आलेत जोडीनं, बरं वाटलं.

नांदेड-लातूरकडे परवान्यासाठी कोण येतं? बांधकामवाले, क्रशरवाले, सराफ, डॉक्टर, पेट्रोल पंपाचे मालक, अडत दुकानदार, पुढारी. ५ एप्रिल २०२२ ला याच नांदेडात एका बांधकाम व्यावसायिकाला त्याच्या घरासमोर दिवसाढवळ्या गोळ्या घातल्या. त्यानंतर बऱ्याच जणांच्या मनात भीती बसली. ती भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. खंडणीचा फोन आलेल्या माणसाला "घाबरू नका" म्हणणं सोपं असतं.

पण शस्त्र घरात आलं की नवा मालक काय विचारतो? "साहेब, होल्स्टर कोणतं घेऊ? लेझर बसवून मिळतो का? चाप जड आहे, हलका करून द्याल का?" आजपर्यंत मला एकाही माणसानं पहिल्या भेटीत "कुलूप कोणतं घेऊ" असं विचारलं नाही.

म्हणून आज एकच मोजपट्टी तुमच्या हातात देतो. शस्त्रासाठी काहीही विकत घ्यायचं असेल, काही बदल करायचा असेल, ते घेऊन कुठं जायचं असेल, तर दोन गोष्टी विचारा. यानं ते नको तेव्हा सुटण्याची शक्यता कमी होते का? आणि नको त्याच्या हाती पडण्याची शक्यता कमी होते का? दोन्हीचं उत्तर "हो" असेल तर पैसे खर्च करा. नसेल तर ती हौस आहे. हौस करायची तर घड्याळ घ्या.

नको तेव्हा सुटतं म्हणजे काय

अभिनेते गोविंदा यांची गोष्ट तुम्ही बातम्यांत पाहिली असेल. १ ऑक्टोबर २०२४, पहाटेची वेळ, मुंबईत जुहूचं घर. कोलकात्याला निघायची तयारी चालली होती. परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटून पडलं, गोळी सुटली आणि गुडघ्याखाली पायात शिरली, असं त्या वेळी सांगण्यात आलं. पायावर निभावलं. तीच गोळी दोन फूट वर लागली असती, किंवा पलीकडच्या खोलीत लेकरू झोपलेलं असतं, तर?

माझीही एक सांगतो. नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. पिस्तूल साफ करायला घेतलं. मॅगझिन काढलं, बाजूला ठेवलं. आता रिकामं झालं असं समजून चाप ओढला. धाड! समोर वाळूची बादली होती म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे. मॅगझिन काढलं होतं, पण एक काडतूस वर चेंबरमध्येच होतं. शिकलेल्या माणसाची ही चूक. तेव्हा न शिकलेल्याचं काय होईल, विचार करा.

म्हणून पिस्तूल रिकामं करण्याचा क्रम पाठ करा. तोंड सुरक्षित दिशेला. बोट चापाच्या बाहेर. आधी मॅगझिन काढा. मग स्लाइड मागं ओढून चेंबरमधलं काडतूस बाहेर काढा. मग स्लाइड मागंच अडकवून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा, करंगळी घालून चाचपा. क्रम उलटा केला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर काय होतं? जुनं काडतूस बाहेर पडतं, मॅगझिनमधलं नवं आत जातं, आणि तुम्ही समजता की रिकामं झालं.

सोबत जगभर शिकवले जाणारे चार नियम. प्रत्येक शस्त्र भरलेलंच आहे असं समजा. ज्याला इजा करायची नाही त्याच्याकडे नळी कधीच करू नका. नेम धरल्याशिवाय बोट चापावर नेऊ नका. आणि लक्ष्याच्या मागं काय आहे ते आधी ओळखा. चारपैकी एक चुकला तरी उरलेले तीन बहुतेक वेळा वाचवतात. दोन चुकले की बातमी होते.

पाचवा नियम माझ्याकडून: हातातून निसटलेलं शस्त्र झेलू नका. पडू द्या. माणूस सवयीनं हवेतच पकडायला जातो आणि नेमकं बोट चापात अडकतं.

आधी हे समजून घ्या: तुमच्या हातात नेमकं काय आहे

आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळणारं हातातलं शस्त्र म्हणजे बहुतेक वेळा "बत्तीस". सरकारी कारखान्यांचं बत्तीसचं रिव्हॉल्व्हर, बत्तीसचं अशनी पिस्तूल, २०१४ साली आलेलं हलकं निर्भीक, २०२३ मध्ये आलेलं प्रबळ. नऊ एमएम हा प्रतिबंधित बोअर आहे, तो साध्या परवान्यावर मिळत नाही. कुणी "मिळवून देतो" म्हणाला तर तो माणूस तुम्हाला तुरुंगाचा रस्ता दाखवतोय.

आता एक घोटाळा इथं होतो. रिव्हॉल्व्हरचं बत्तीस आणि पिस्तुलाचं बत्तीस ही वेगवेगळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची केस साधारण २३ मिलिमीटर लांब, पिस्तुलाची १७ मिलिमीटर. पिस्तुलाचं काडतूस काही रिव्हॉल्व्हरच्या घरात शिरतंसुद्धा. शिरलं म्हणजे चालतं असं नव्हे. त्याचा दाब जास्त असतो, जुनं रिव्हॉल्व्हर त्यासाठी बनवलेलं नसतं. तेव्हा दुकानात नुसतं "बत्तीसची गोळी द्या" म्हणू नका. शस्त्र सांगा, खोक्यावरचं वाचा. आपल्या खडकीच्या कारखान्याच्या काडतुसाच्या बुडावर इंग्रजीत के.एफ. अशी अक्षरं असतात. किरकी फॅक्टरी, जुनं नाव. किती काडतुसं घ्यायची ते परवान्यावर लिहिलेलं असतं, त्याच्या वर एकही नाही.

रिव्हॉल्व्हर जुनं असेल, आजोबा-वडिलांकडून आलेलं असेल, तर आणखी एक काळजी. कित्येक जुन्या रिव्हॉल्व्हरांत मागचा घोडा थेट काडतुसावर टेकलेला असतो. घोड्यावर आपटलं की सुटू शकतं. सहा घरांचं असेल तर पाचच भरा आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवा. पिस्तूल असेल तर चेंबर रिकामं, मॅगझिन भरलेलं. "साहेब, मग वेळेवर एक सेकंद जाईल." जाऊ द्या. ती वेळ तुमच्या आयुष्यात बहुधा कधीच येणार नाही. पिस्तूल कंबरेला लावणं आणि काढणं मात्र रोज होणार आहे. जोखीम कुठं जास्त, तुम्हीच मोजा.

काय घ्यावं

पहिली वस्तू: तिजोरी. भिंतीत किंवा जमिनीत बोल्टनं पक्की केलेली छोटी लोखंडी तिजोरी. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे अर्ज करतानाच शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी लागते. बरेच जण ती सही करतात आणि शस्त्र ठेवतात कुठं? उशीखाली, देव्हाऱ्यामागं, गादीखाली, नाहीतर गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली. कपाटाची चावी कुठं असते ते घरातल्या सात वर्षांच्या पोराला माहीत असतं. शस्त्र एका जागी, काडतुसं दुसऱ्या जागी, दोन्हींना कुलूप. किल्ली परवानाधारकाकडेच.

घरातल्या माणसांबद्दल एक अवघड गोष्ट बोलतो. शस्त्राचा धोका फक्त चोर आणि लेकरं यांच्यापुरता नसतो. घरात कुणी खचलेलं असेल, कर्जानं, आजारानं, भांडणानं, किंवा तुम्ही स्वतःच खचलेले असाल, तर शस्त्र घरातून बाहेर काढा. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ते रीतसर जमा करता येतं, पावती मिळते, नंतर परतही मिळतं. यात लाज काही नाही. अशी वाईट वेळ बहुतेकदा निघून जाते. त्या वेळात हाताशी काय होतं यावर पुष्कळ काही ठरतं. मनाचं बोलायला टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा आहे, १४४१६. नंबर लिहून घ्या. मराठवाड्यात राहून याचं महत्त्व मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दुसरी वस्तू: होल्स्टर आणि पट्टा. होल्स्टर तुमच्याच मॉडेलचं असावं. एक कसोटी: चाप आणि त्याभोवतीची कडी पूर्ण झाकली पाहिजे. दुसरी: शस्त्र रिकामं करा, होल्स्टरमध्ये घाला, गादीवर उलटं धरून हलवा. पडलं तर ते होल्स्टर नको. कापडी, ढिलं, "सगळ्यांना बसतं" म्हणून विकलेलं तर नकोच. आणि पट्टा जाड हवा. नेहमीच्या पातळ पट्ट्यावर सातशे-आठशे ग्रॅमचं लोखंड लोंबकळतं, माणूस दिवसभर तिथंच हात लावून बसतो. मग सगळ्या बाजाराला कळतं की याच्याकडे आहे.

आता आपल्याकडचा पोशाख बघा. नेहरू शर्ट आणि पायजमा. पायजम्याला नाडी. नाडीत खोचलेलं पिस्तूल मी स्वतः लग्नाच्या पंगतीत खाली पडलेलं बघितलंय, वरणाच्या बादलीशेजारी! नेसूचं धोतर-पायजमा असेल तर आत जाड पट्टा असलेली चड्डी घाला, किंवा शस्त्र घरी ठेवा. नाडी हे होल्स्टर नव्हे.

चामड्याचं होल्स्टर छान दिसतं, पण ते घाम आणि ओल धरून ठेवतं. घरी आल्यावर शस्त्र त्यातून काढून ठेवा, नाहीतर एका पावसाळ्यात नळीवर तांबेरा चढतो. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना दिवसभर अंगाला लागलेलं शस्त्र घामानं भिजतं. संध्याकाळी पुसा, तेलाचा हलका हात फिरवा. तेल शस्त्राला, काडतुसाला नाही. काडतुसात तेल मुरलं की ते ऐनवेळी दगा देतं.

तिसरं: साफ करायची सळई-ब्रश-तेलाची पेटी. चौथं: कानाचं संरक्षण आणि चष्मा, सराव करताना लागतो. पाचवं: सरावाची खोटी काडतुसं, ज्यांत दारू नसते. एवढ्यावर यादी संपली. पैसे उरले तर सरावावर घाला. तोसुद्धा मान्यताप्राप्त रेंजवर, प्रशिक्षकासमोर. शेतात बाटल्या फोडणं म्हणजे सराव नव्हे. बत्तीसची गोळी मोकळ्या रानात एक किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. तुमचं शेत एवढं मोठं आहे का? पलीकडच्या तुरीत कोण खुरपतंय, दिसतं का?

काय करू नये: बदल

मुठीवरचं रबर किंवा लाकूड बदलणं, हाताला बसेल असं, एवढा बदल ठीक. तोही परवानाधारक दुकानात. बाकीच्यांकडे एकेक बघू.

चाप हलका करणं. आपल्या रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो, मान्य. लोक ओळखीच्या मिस्त्रीकडे नेतात, तो स्प्रिंग कापतो. त्यानं दोन गोष्टी होतात. घोडा कमी जोरानं पडतो, म्हणून काडतूस कधी फुटतं, कधी नाही. आणि चापाला नुसता धक्का लागला तरी सुटायला लागतं. म्हणजे पाहिजे तेव्हा सुटत नाही आणि नको तेव्हा सुटतं. मोजपट्टी आठवा.

शिवाय कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ मध्ये शस्त्र दुरुस्त करणं हासुद्धा परवान्याचा धंदा आहे. एमआयडीसीतला लेथवाला कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे तो परवाना नसतो. तुमचं शस्त्र त्याच्या टेबलावर सापडलं तर तो आत, आणि तुम्हीही.

नळी कापणं. कलम ६ नुसार गुन्हा. एका प्रकारच्या शस्त्राचं दुसऱ्या प्रकारात रूपांतर करणं, खोट्या पिस्तुलाचं खरं करणं, हेही त्यात आलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. परत एकदा ऐका, किमान सात वर्षं.

सायलेन्सर. सिनेमात बघून विचारतात. कायद्याच्या व्याख्येत आवाज किंवा ज्वाळा कमी करणारी वस्तू स्वतःच अग्निशस्त्र धरली आहे. म्हणजे तुमच्या परवान्यात नसलेलं एक वेगळंच शस्त्र तुम्ही बाळगलं असा अर्थ होतो.

चकाकी. हा आपल्या भागातला खास प्रकार. सराफाकडून चांदीचं, सोन्याचं पाणी चढवून घेतात, मुलाचं नाव कोरून घेतात. पाणी चढवण्याआधी धातू घासतात, आणि घासताना क्रमांक पुसट होतो. कलम ८ प्रमाणे शस्त्रावरची ओळखखूण खोडणं गुन्हा आहे. आणि खोडलेला क्रमांक ज्याच्याकडे सापडेल त्यानंच तो खोडला असं कायदा गृहीत धरतो. तसं नाही हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. पाच हजारांची चकाकी कोर्टात केवढ्याला पडेल?

लेझर आणि बॅटरी. याचा उपयोग थोडा, भरवसा जास्त. ते बसवलं की जुनं होल्स्टर बसत नाही, मग माणूस ढिलं होल्स्टर घेतो, आणि आपण पुन्हा पायजम्याच्या नाडीवर येतो.

घेऊन फिरणं

२०१६ च्या नियमांतला नियम ३२ प्रत्येकानं वाचावा. सार असं: सार्वजनिक ठिकाणी हातातलं शस्त्र अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पाठपिशवीसारख्या आवरणात असलं पाहिजे, पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे, आणि त्यावर तुमचा पक्का ताबा असला पाहिजे. सार्वजनिक ठिकाणी ते दाखवणं, मिरवणं, झाडणं बंद. मोडलं तर खटला वेगळा आणि परवाना रद्द वेगळा.

म्हणजे चहाच्या टपरीवर टेबलावर पिस्तूल काढून ठेवायचं आणि "एक कटिंग" म्हणायचं, हा गुन्हा आहे. पांढरा शर्ट मुद्दाम वर खोचून मूठ दिसेल असं चालणं हासुद्धा. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०२४ च्या डिसेंबरात सरपंचाचा खून झाला, त्यानंतर सगळ्या परवान्यांची छाननी झाली. बाराशेहून जास्त परवाने असल्याचे आकडे त्या वेळी पेपरांत आले आणि पुढे अनेकांचे परवाने गेले. मिरवणाऱ्यांमुळे खरी गरज असणाऱ्यांकडेही प्रशासन संशयानं बघायला लागतं.

कुठं न्यायचं नाही? परवान्याच्या अटी मागच्या पानावर असतात, वाचा. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा, शाळा-कॉलेजचं आवार. म्हणजे माळेगावची यात्रा नको, लातूरची सिद्धेश्वर यात्रा नको, होळीला हल्लाबोल बघायला जाताना नको, प्रचारसभा नको, पोराच्या गॅदरिंगला नको. निवडणूक लागली की जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून जमा करायची नोटीस येऊ शकते. नोटीस आली की मुदतीत जमा करा, पावती जपून ठेवा.

आता आपल्या भागाची एक विशेष अडचण. आपण सीमेवरची माणसं. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं: जिल्हा, राज्य किंवा संपूर्ण भारत. उदगीरहून बिदरला दवाखान्यात जाणं, धर्माबादहून बासरला लेकराचं अक्षराभ्यासाचं करायला जाणं, किनवटहून आदिलाबादच्या बाजाराला, निलंग्याकडून औराद शहाजानीवरून भालकीला पाहुण्यांकडे; आपल्याला ही गावं परकी वाटतच नाहीत. पण परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर सीमेची कमान ओलांडली की तुमच्या कमरेला बेकायदा शस्त्र आहे. आजच घरी जाऊन क्षेत्राचा रकाना बघा.

विमानाचं असेल तर शस्त्र रिकामं, काउंटरवर सांगून, नोंद करून, सामानात. हातातल्या पिशवीत कधीच नाही. आणि बॅग भरण्याआधी तिचे सगळे कप्पे झटका. मागच्या प्रवासातलं एखादं विसरलेलं काडतूस विमानतळावर सापडतं आणि माणसाचं लग्न, मीटिंग, सगळं राहून जातं.

गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवू नका. स्कूटरच्या डिकीत नाहीच. ढाब्यावर संडासला जाताना काढून ठेवतात आणि विसरतात, हे फार होतं. आणि दारू. ज्या दिवशी एक पेग घ्यायचा आहे त्या दिवशी शस्त्र तिजोरीत. "मी पिऊनसुद्धा शुद्धीत असतो" असं म्हणणारा आधीच शुद्धीत नसतो.

लग्नातल्या गोळीबाराबद्दल शेवटचं. डिसेंबर २०१६ मध्ये पंजाबात भटिंडा जिल्ह्यात लग्नाच्या कार्यक्रमात झाडलेली गोळी स्टेजवर नाचणाऱ्या तरुणीला लागली आणि ती जागीच गेली. अशा घटना वाढल्या म्हणून २०१९ च्या दुरुस्तीत आनंदाच्या गोळीबाराला वेगळी शिक्षा आली: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हवेत झाडलेली गोळी हवेत राहत नाही मंडळी. ती कुणाच्यातरी अंगणात उतरते.

आणि शस्त्र दुसऱ्याच्या हातात देणं. ८ फेब्रुवारी २०२४ ला मुंबईत फेसबुक लाइव्ह चालू असताना एका माजी नगरसेवकाचा खून झाला. गोळ्या झाडणाऱ्यानं वापरलेलं पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या नावावरचं होतं. पोलिसांनी त्या अंगरक्षकालाही अटक केली. तुमचं शस्त्र ड्रायव्हरला "जरा धर रे" म्हणून देऊ नका, भावाला नाही, लाडक्या पुतण्याला नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, मी लातूरला डॉक्टर आहे. रात्री एकटी गाडी चालवते. पर्समध्ये ठेवलं तर चालेल का?*

ताई, पिशवीतलं चालतं, पण पर्स ही तुम्ही दिवसातून दहा वेळा खाली ठेवता. ओपीडीत खुर्चीवर, हॉटेलात टेबलावर. शस्त्र असलेली पर्स खांद्यावरून उतरवायची नाही. आणि आत शस्त्रासाठी वेगळा कप्पा, त्यात चाप झाकणारं होल्स्टर. किल्ल्या, पेन, लिपस्टिक त्या कप्प्यात नको, चापात अडकतात. निर्भीक अर्ध्या किलोचं आहे म्हणून बायकांना चांगलं असं सांगतात. वजन कमी म्हणजे वागवायला सोपं, पण झटका जास्त जाणवतो. रेंजवर पन्नास गोळ्या झाडून बघा, मग ठरवा.

*काका, वडील वारले. त्यांचं रिव्हॉल्व्हर कपाटातच आहे, दोन महिने झाले. काय करू?*

उद्या सकाळी पोलीस ठाण्यात फोन करा. परवाना वडिलांच्या नावाचा होता, तो त्यांच्याबरोबर संपला. आज ते तुमच्याकडे विनापरवाना आहे. स्वतः पिशवीत घालून निघू नका, आधी कळवा, सांगतील तसं जमा करा. वारसांना कायद्यानं अर्ज करता येतो. तुम्हाला परवाना मिळाला तर तेच शस्त्र तुमच्या नावावर चढेल, नाही मिळाला तर विक्रेत्यामार्फत विकता येईल. मुद्दाम लपवलं असं कुणाला वाटायच्या आत स्वतः जा.

*खंडेनवमीला शस्त्रपूजा करतो. त्यात ठेवलं तर?*

ठेवा की. आपली रीत आहे. पण रिकामं करून, घरात, देवासमोर. काडतुसं पाटावर मांडू नका. हळद-कुंकू नळीत, घोड्यात घालू नका, फूल वाहा. पूजा झाली की पुसून तिजोरीत. आणि फोटो काढून स्टेटसला टाकू नका. तुमच्याकडे शस्त्र आहे, कोणतं आहे, कपाट कसं आहे, हे चोराला घरबसल्या कळतं. पोलिसांनाही.

*एवढं सगळं पाळायचं तर मग त्याचा उपयोग काय? वेळ आली तर वाचवतं का?*

चांगलं विचारलंत. कधी वाचवतं, कधी नाही. मोटारसायकलवरून येऊन अचानक गोळ्या घालणाऱ्यासमोर कमरेचं शस्त्र काढायला वेळ मिळेलच असं नाही. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे, पण तो गरजेपुरताच. पळणाऱ्यावर मागून झाडली तर तो बचाव राहत नाही. म्हणून दाराला कॅमेरा, अंगणात उजेड, रोजचा रस्ता बदलणं, धमकी आल्याबरोबर लेखी तक्रार, हे आधी. शस्त्र सगळ्यात शेवटी. ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी जरूर बाळगावं. पण घरातल्या चार माणसांना ते असल्यानं जास्त सुरक्षित वाटलं पाहिजे, कमी नाही.

वहिनींनी मागून हात वर केलाय, पण वेळ संपली असं सांगतायत. वहिनी, तुमचा प्रश्न मला माहीत आहे. तिजोरी कुठं मिळते ते मी बाहेर सांगतो.